कूतचा वेढा, १९१५–१६: पलटणी पुढे, बोटी मागे

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची सहावी डिव्हिजन इराकमधल्या कूत-अल-अमारा या नदीकाठच्या गावात जवळजवळ पाच महिने ऑटोमन, म्हणजे तुर्की, फौजेच्या वेढ्यात अडकून पडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली. डिव्हिजनचं अधिकृत नाव होतं 'पूना डिव्हिजन', आणि तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३वी, ११०वी आणि ११७वी. पुण्याचं नाव लावून गेलेल्या या तुकडीबद्दल खुद्द पुण्यात किती जणांना माहिती असेल, कोण जाणे.

कूतची कथा बहुतेक वेळा शौर्याची किंवा सेनापतीच्या चुकीची म्हणून सांगतात. माझ्या मते ती आधी पुरवठ्याची कथा आहे. यंत्रयुगाच्या गरजेपोटी सुरू झालेली मोहीम, पण तिला लागणारी यंत्रं द्यायची तयारी नाही. या दोन्हींमधली तूट माणसांनी भरून काढली. निर्णय कुठे कुठे झाले आणि त्या वेळी समोर काय काय होतं, एवढ्यावरच इथे लक्ष ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

१९०८ मध्ये इराणात मस्जिद-ए-सुलेमान इथे तेल लागलं. तिथून दोनशेहून अधिक किलोमीटरची नळवाहिनी टाकून ते शत्त-अल-अरब नदीच्या काठावर, आबादानच्या शुद्धीकरण कारखान्यात आणलं गेलं. त्याच काळात ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलाकडे वळत होतं. कोळसा वेल्समध्ये हवा तेवढा होता, तेल मात्र ब्रिटनच्या जमिनीत नव्हतं. म्हणून १९१४ मध्ये, युद्ध पेटायच्या थोडंच आधी, ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत निम्म्याहून जास्त भाग घेतले. सरकारच तेल कंपनीचं मालक झालं म्हटल्यावर नळवाहिनीची राखण हे सरकारचंच काम झालं.

समोरच्या बाजूलाही लोखंड होतंच. जर्मन भांडवलावर बर्लिनहून बगदादपर्यंत रेल्वे नेण्याचं काम चाललं होतं. आनातोलियातून आखातापर्यंतच्या मार्गाचा करार १९०३ चा. पण टॉरस आणि अमानुस डोंगरातले बोगदे युद्ध सुरू झालं तेव्हा अपुरे होते. हे बोगदे पुढे परत येतील. तैग्रिस नदीवर मात्र लिंच बंधूंच्या ब्रिटिश आगबोटी कित्येक दशकं माल वाहत होत्या.

ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून सहाव्या डिव्हिजनची पहिली ब्रिगेड निघाली. ६ नोव्हेंबरला ती आखाताच्या तोंडाशी असलेल्या फाओला उतरली. या ब्रिगेडमध्ये ११७वी मराठा पलटण होती. महिना संपायच्या आत बसरा हाती आलं. १९१५ च्या फेब्रुवारीत अहवाजजवळ टोळीवाल्यांनी नळवाहिनी तोडली होती. जूनपर्यंत ती दुरुस्त होऊन तेल पुन्हा वाहू लागलं. एप्रिलमध्ये शैबाच्या लढाईत ऑटोमनांचा प्रतिहल्ला परतवून झाला होता.

म्हणजे १९१५ च्या उन्हाळ्यात मोहिमेचं सांगितलेलं काम पुरं झालेलं होतं. तेल सुरक्षित, बंदर हातात. इथे थांबले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

अडचण

थांबले नाहीत याचं एक कारण कागदोपत्रीच सापडतं. नवे सरसेनापती जॉन निक्सन यांना शिमल्याहून, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या उन्हाळी राजधानीतून, मिळालेल्या सूचनांमध्ये दक्षिण इराक ताब्यात ठेवण्याबरोबर बगदादवरच्या चढाईची योजना आखायचंही काम होतं. लंडनमधल्या भारतमंत्र्यांना हे पुष्कळ उशिरा कळलं. धोरण लंडनचं, फौज आणि सामान हिंदुस्थान सरकारचं, निर्णय बसऱ्यातले. तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की पुरवठ्याचा हिशेब दुसऱ्याने केला असेल.

दुसरं कारण यशाचं. ३ जूनला सहाव्या डिव्हिजनचे सेनापती चार्ल्स टाउनशेंड यांनी मूठभर माणसं आणि काही बोटी घेऊन तैग्रिसवरचं अमारा (हे कूत-अल-अमारापेक्षा वेगळं गाव) जवळजवळ न लढता घेतलं. २८ सप्टेंबरला कूत पडलं. दर विजयागणिक बसरा शंभरदीडशे किलोमीटर मागे राहत होतं, आणि बोटी मात्र तेवढ्याच होत्या.

बसरा ते बगदाद नदीमार्गे साधारण ८०० किलोमीटर. पक्का रस्ता नाही, रेल्वे नाही. पीठ, दारूगोळा, दाणावैरण, तंबू, जखमी, सगळं नदीवरून. शरद ऋतूत तैग्रिस इतकी उथळ होते की चार फूट पाणी लागणारी बोट रेतीत बसते आणि दिवसभर उठत नाही. बसऱ्यात माल उतरवायला धड धक्के नव्हते, जहाजं आठवडेच्या आठवडे नदीत नांगरून पडलेली असत. निक्सन यांनी उन्हाळ्यात जादा बोटी मागितल्या; त्या ब्रिटनमध्ये बांधून यायला कित्येक महिने लागणार होते. त्यांनी बसरा ते नासिरिया अशी हलकी रेल्वेही मागितली. नोव्हेंबरमध्ये शिमल्याने खर्चाच्या कारणावरून ती नाकारली.

हिंदी फौजेची घडण सरहद्दीवरच्या डोंगरी चकमकींसाठी झालेली होती. पलटणीमागे दोन मशिनगन, जड तोफा नावापुरत्या, विमानं बोटांवर मोजण्याइतकी. जखमींसाठी ए.टी. गाडी, म्हणजे खेचरांनी ओढायची, स्प्रिंग नसलेली लाकूड-लोखंडाची मालगाडी.

पहिला निर्णय: बगदाद की कूत?

ऑक्टोबर १९१५. समोर चार पर्याय होते.

कूतला तटबंदी करून बसायचं. हे टाउनशेंड यांचं मत, आणि ते त्यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच तारेने कळवलं होतं. अमारापर्यंत मागे यायचं. पुरवठ्याच्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाचं, पण कोणी मोठ्याने म्हणेना. फ्रान्समधून येऊ घातलेल्या दोन हिंदी डिव्हिजन आणि नव्या बोटी पोहोचेपर्यंत थांबायचं. नाहीतर असेल त्या एका डिव्हिजननिशी ताबडतोब बगदाद गाठायचं.

लंडनमध्ये त्या वेळी तुर्कस्तानातल्या गॅलिपोली मोहिमेचं अपयश पचवायचं चाललं होतं. पूर्वेकडे कुठेतरी विजय दाखवायला हवा, नाहीतर मुसलमान जगात आणि हिंदुस्थानात पत जाईल, असा सूर होता. युद्धमंत्री किचनर आणि माजी व्हाइसरॉय कर्झन साशंक होते. बाकीच्यांना बगदाद हे नाव मोहवत होतं. अखेर निक्सन यांना विचारलं गेलं: तुमची फौज पुरेशी आहे का? त्यांनी हो म्हटलं आणि परवानगी सुटली. २ नोव्हेंबरला पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांनी पार्लमेंटमध्ये या मोहिमेच्या आखणीचे आणि नेतृत्वाचे गोडवे गायले. त्या दिवशी टाउनशेंड यांच्याकडे एकच डिव्हिजन होती, तीही वर्षभर इराकच्या उन्हात भाजून निघालेली.

या निर्णयात माझ्या दृष्टीने सर्वांत लक्षात घेण्यासारखी गोष्ट विचारलेल्या प्रश्नाची आहे. 'फौज पुरेशी आहे का' असं विचारलं गेलं. 'दररोज किती टन माल कूतच्या पुढे पोहोचतो आणि किती लागतो' असं कोणी विचारलं नाही. पहिल्या प्रश्नाला सेनापती हो म्हणणारच. त्याची नेमणूकच त्यासाठी असते. दुसऱ्याचं उत्तर पुरवठा खात्याच्या एखाद्या कारकुनाने वहीत बघून दिलं असतं.

टाउनशेंड यांनी विरोध नोंदवला, पण हट्ट धरला नाही. त्यांनाही बगदाद हवंच होतं. महत्त्वाकांक्षा त्यांनी कधी लपवली नाही.

काय घडलं

२२ नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली. सासानी राजवाड्याची प्रचंड कमान तिथे अजून उभी आहे. नुरुद्दीन यांच्या ऑटोमन फौजेने खंदकांच्या दोन रांगा खणून ठेवल्या होत्या. पहिली रांग घेतली गेली, पण त्या एका दिवसात डिव्हिजनची ताकद संपली. साडेचार हजारांहून जास्त मेले किंवा जखमी झाले. शत्रूला मागून कुमक येत होती. यांना येणार नव्हती.

जखमींना त्या ए.टी. गाड्यांमधून कित्येक मैल नदीपर्यंत आणलं. मोडलेल्या हाडांची माणसं गाडीतून खाली उतरून रांगत जाणं पसंत करत होती. बोटींवर डॉक्टर मोजके, पांघरुणं नाहीत, शौचाची सोय नाही. बसऱ्याला पोहोचायला काहींना दोन आठवडे लागले. 'मेजिदिए' नावाची बोट बसऱ्याला लागली तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर धक्क्यावर होते. बोटीच्या कडेने लांबून दोरखंड लोंबल्यासारखे दिसत होते. जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा आहे. त्यांनी हे लेखी कळवलं, तर वरिष्ठांनी त्यांनाच दम दिला. पुढे चौकशी आयोगापुढे हीच साक्ष सर्वांत जड ठरली.

दुसरा निर्णय: कूतला थांबायचं का?

३ डिसेंबरला माघार घेत फौज कूतला पोहोचली. पुढे अमाराकडे चालत राहणं शक्य होतं का, यावर जाणकारांत अजून मतभेद आहेत. माणसं थकून गेली होती, हे खरं. कूतला साठा होता, तो सोडून जायचा की जाळायचा हाही प्रश्न होता. टाउनशेंड यांनी थांबायचं ठरवलं, निक्सन यांनी मान्यता दिली, घोडदळ ६ तारखेला बाहेर काढून दिलं आणि ७ ला वेढा पडला.

कूत तैग्रिसच्या वळणात आहे: तीन बाजूंना पाणी, आत सुमारे दीड किलोमीटर रुंद आणि तीन किलोमीटर लांब जमीन. बचावाला सोयीची, आणि शत्रूलाही कोंडायला तितकीच. चौथी बाजू बंद केली की संपलं. नदीपलीकडे लोकर दाबून गासड्या बांधायच्या कारखान्याभोवती एक वस्ती होती. तिचं रक्षण ११०व्या मराठा पलटणीकडे आणि १२०व्या पलटणीकडे होतं. व्यापारासाठी उभारलेल्या त्या भिंतींना आता भोकं पाडून बंदुका रोखल्या होत्या.

गावातल्या सहा हजार रहिवाशांचं काय करायचं, हा त्यातलाच एक पोटप्रश्न. टाउनशेंड त्यांना बाहेर काढणार होते. मोहिमेचे राजकीय अधिकारी पर्सी कॉक्स यांनी सल्ला दिला की थंडीत बायकामुलं वाळवंटात मरतील. रहिवासी राहिले. माणुसकीच्या दृष्टीने हे बरोबरच होतं, आणि त्याची किंमत धान्यात मोजावी लागणार होती. पण ती किंमत त्याच दिवशी मांडून, लोकांकडे किती धान्य आहे याची नोंद करायला हवी होती. ती केली नाही.

तिसरा निर्णय: धान्याचा हिशेब

डिसेंबरात टाउनशेंड यांनी कळवलं की ब्रिटिश शिपायांसाठी महिन्याचा आणि हिंदी शिपायांसाठी दोन महिन्यांचा शिधा आहे. शिधा कमी केला नाही. घरोघर झडती घेतली नाही. सुटका लवकर होईल असं धरून चाललं होतं.

या आकड्यावर विसंबून सुटकेसाठी येणाऱ्या फौजेचे सेनापती जनरल एल्मर यांनी घाई केली. कुमकेची फौज बसऱ्याहून तुकड्यातुकड्यांनी वर सरकत होती. जी पलटण पोहोचेल ती लढाईत ढकलली गेली. कधी तिचा तोफखाना मागे, कधी तिचं रुग्णालय. शेख साद, वादी, हन्ना: जानेवारीतल्या तीन लढायांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली.

आणि २५ जानेवारीला कूतहून नवा संदेश आला. झडती घेतल्यावर शेकडो टन जव, गहू आणि तूप सापडलं होतं. घोडे-खेचरं धरून आणखी ८४ दिवस निघतील!

एल्मर यांना हे डिसेंबरात कळलं असतं तर फौज जमेपर्यंत ते थांबू शकले असते. त्यावर आक्षेप असा की मार्च-एप्रिलमध्ये डोंगरातला बर्फ वितळून तैग्रिसला पूर येतो, तेव्हा थांबूनही हाती चिखलच लागला असता. आक्षेपात तथ्य आहे. पण जानेवारीचा पहिला आठवडा आणि मार्च यांच्यामध्ये फेब्रुवारी होता, आणि तो बराचसा वाया गेला. शिवाय ८ मार्चला दुजैलाची लढाई हरली त्या वेळीही हजारो ताजे शिपाई खाली बसऱ्यात बोटीची वाट बघत बसले होते.

चौथा निर्णय: घोड्याचं मांस

फेब्रुवारीपासून ब्रिटिश शिपाई घोड्याचं मांस खाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नकार दिला. ब्रिटिश लेखक याला धर्मवेड म्हणून मोकळे होतात. शिपायाच्या बाजूने पाहिलं तर हिशेब सरळ होता. पलटणीत एकाच गावचे, एकाच भावकीचे लोक. आज इथे घोडा खाल्ला ही बातमी गावी गेली की बहिणीच्या लग्नात अडचण, पंगतीत अडचण. सुटलो तरी घरी जाऊन वाळीत पडायचं असेल तर खायचं कशाला? हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे संदेश मागवले, ते बिनतारी यंत्रावरून आलेही. तेवढ्याने भागलं नाही, कारण भीती धर्मगुरूंची नव्हतीच.

दरम्यान भाजीपाला नाही, मांस नाही, नुसतं जवाचं पीठ. हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजायच्या, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. एप्रिलमध्ये पीठ माणशी पाच औंसांवर, म्हणजे सुमारे १४० ग्रॅमवर आलं. भाकरी म्हटलं तर दिवसाला दोन. तेव्हा सक्तीचा हुकूम निघाला आणि बहुतेकांनी खाल्लं. काही पलटणींमध्ये हिंदी अधिकाऱ्यांनी आधी स्वतः खाऊन दाखवलं.

इथे करण्यासारखं जे होतं ते हेच, आणि दोन महिने आधी. हुकूम आला की गावाकडे सांगायला कारण मिळतं: सरकारचा हुकूम होता, सगळ्या पलटणीने खाल्लं. निवड शिपायावर सोडणं ऐकायला आदराचं वाटतं, प्रत्यक्षात त्याने ओझं एकेकट्याच्या डोक्यावर टाकलं.

शेवटचे उपाय आणि परिणाम

मग जे जे सुचलं ते केलं. विमानांनी आकाशातून पीठ, साखर, औषधं टाकली. कोंडलेल्या फौजेला इतक्या प्रमाणात हवेतून शिधा पोहोचवायचा हा पहिलाच मोठा प्रयत्न होता. जव दळायला जाती कमी पडत होती म्हणून जात्याचे दगडही विमानातूनच टाकले. पण तेव्हाची विमानं एका खेपेला माणसाच्या वजनाइतका माल जेमतेम उचलत. पोटं हजारो होती. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' ही आगबोट २७० टन शिधा घेऊन निघाली. ऑटोमनांनी नदीवर ताणलेल्या तारदोराने ती अडली आणि मालासकट पकडली गेली. मग टी. ई. लॉरेन्ससह तिघे अधिकारी ऑटोमन सेनापती खलील पाशांकडे गेले. फौज सोडण्याच्या बदल्यात दहा लाख पौंड, नंतर वीस लाख पौंड देऊ केले. खलील यांनी नकार दिला आणि गोष्ट जाहीर केली.

सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली. आत अडकलेल्यांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे.

टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना उन्हात पायी चालवत बगदाद, समारा आणि पुढे उत्तरेला नेलं. जे पोहोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं: हिंदी शिपायांपैकी पुष्कळ जण रास-अल-ऐनला माती टाकत होते, ब्रिटिश बरेचसे अमानुसच्या बोगद्यांवर. ब्रिटिश शिपायांतले निम्म्याहून अधिक कैदेत मेले. हिंदी शिपायांची नोंदच नीट ठेवली गेली नाही. मेलेले आणि बेपत्ता मिळून हजारोंनी भरतील. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ब्रिटिश शिपायांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार फक्त आकडा.

१९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. शिमल्याची काटकसर, निक्सन यांचा फाजील विश्वास आणि वैद्यकीय व्यवस्थेची दुर्दशा यांवर ठपका होता. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. तोवर सूत्रं लंडनच्या युद्धखात्याकडे गेली होती आणि पैशाची थैली मोकळी झाली होती. बसऱ्यात धक्के बांधले, ठिकठिकाणच्या नद्यांवरच्या बोटी आणल्या. हिंदुस्थानातल्या काही शाखामार्गांचे रूळ उखडून इराकला नेले, आणि खर्चिक म्हणून नाकारलेली बसरा–नासिरिया रेल्वे १९१६ च्या अखेरीस धावू लागली. जनरल मॉड यांनी फेब्रुवारी १९१७ मध्ये कूत परत घेतलं आणि ११ मार्चला बगदाद.

काय वेगळं करता आलं असतं

'टाउनशेंड यांनी नकार द्यायला हवा होता' हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. त्यांनी राजीनामा दिला असता तर निक्सन यांनी आठवड्याभरात दुसरा सेनापती शोधला असता. बगदादच्या वाटेवर नाव कमवायला तयार असलेले पुष्कळ होते.

चढाई अडवायची ताकद ज्याच्याकडे होती तो माणूस निर्णयाच्या खोलीतच नव्हता. जूनमध्ये अमारा घेतल्यावर 'यापुढे पाऊल टाकण्याआधी पुरवठा खात्याचा लेखी दाखला हवा: इतके टन लागतात, इतके पोहोचतात' असा एकच नियम शिमल्याने घातला असता, तर सप्टेंबरात कूतलाही जाता आलं असतं की नाही याची मला शंका आहे. दुसरं, वेढ्याच्या पहिल्या आठवड्यातच पूर्ण झडती, शिध्यात कपात आणि मांसाचा हुकूम. या तिन्ही गोष्टींना ना जादा बोट लागत होती ना लंडनची परवानगी. तिसरं, रेल्वे. ती मागितली तेव्हा मिळाली असती तरी १९१५ च्या चढाईला उपयोगी पडली नसती. पण तिचं काम सुरू असल्यामुळे 'आधी रूळ, मग पलटण' असं म्हणायला निदान एक सबब हाती राहिली असती, आणि वरून येणाऱ्या दबावापुढे त्या वर्षी सबबीचीच सर्वांत जास्त गरज होती.